सुट्टीचे घर आणि गावची विहीर

शहापूर-मुरबाड परिसरातील ‘सेकंड होम’चे गुणगान करणारा पुरवणीतील लेख वाचला. धुके, डोंगर, तरणतलाव सगळे त्यात आले. पाणी कुठून येते, हे मात्र आले नाही. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथला काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही; जे मिळते ते भेगांमधले. अशा जमिनीत बंगल्याची खोल बोअरवेल सुरू झाली की शेजारची उथळ विहीर आधी आटते. गंमत म्हणजे मालक येतो शनिवार-रविवारी, हिरवळीला पाणी मात्र रोज लागते, तेही एप्रिल-मे महिन्यांत.

घर घेणाऱ्या ठाणेकरांना दोष देण्याचा हेतू नाही. पण भूजल जपण्यासाठी सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत खोल विहिरींना मनाई करण्याची तरतूद राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात आहे. अशा प्रकल्पांना बांधकाम परवानगी देण्यापूर्वी पाण्याचा स्रोत तपासावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. जाहिरातीतही तो छापायला हरकत नसावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे