बटण निघालं म्हणजे बोट मोकळं झालं असं नाही

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो आई" करतेस आणि मधेच "मॅम आल्या, ठेवते" म्हणून कापतेस, म्हणून लिहायला बसले. काल म्हणालीस, बोटाचं ऑपरेशन झालं तरी मूठ पूर्ण मिटते, दुखत काहीच नाही, निवड चाचणीत नुसती चढाई करीन, पकडीला जाणार नाही. तुझ्या बाबांना हे पटलंही. मला नाही पटलं. काहून नाही, ते वाच आणि मग फोन कर.

त्या कबड्डीच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यातून तू त्या पोरीच्या मांडीला हात घातलास आणि बोट तिच्या शॉर्टच्या काठात अडकलं. तू बोट आवळत होतीस, ती रेषेकडे झेपावत होती, आणि कापडानं तुझं आवळलेलं बोट जोरानं सरळ केलं. बोटाचं टोक वाकवणारं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडावरून उपटलं ते त्या क्षणी. डॉक्टर याला जर्सी फिंगर म्हणतात आणि दर चारातल्या तीन जणांचं अनामिकेलाच होतं, कारण आवळलेल्या पंजात तेच बोट पुढे येतं नि तेच जास्त ताण खातं. पहिल्या दवाखान्यात एक्सरे साफ आला, मुका मार म्हणून पट्टी बांधून आपल्याला घरी पाठवलं. एक्सरेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तर एक्सरेकडे नंतर पाहिलं. आधी मधलं पेर धरून ठेवलं आणि म्हणाले, आता नुसतं टोक वाकव. टोक हललंच नाही. एवढीच ती परीक्षा. तुझ्या संघातल्या सगळ्या पोरींना ती शिकवून ठेव, कारण कबड्डीत हे कुणालाही होऊ शकतं आणि सुटलेलं टेंडन तळहाताकडे सरकलं असेल तर आठ-दहा दिवसांच्या आत शिवलेलं बरं. त्यानंतर ते आखडतं, ओढून जागेवर आणणं कठीण होत जातं. शेजारच्या काकू हाडवैदाकडे न्या म्हणत होत्या. तिथं गेलो असतो तर ते दिवस चोळण्यातच गेले असते.

ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हा तुझ्या नखावर बटण पाहून मी चक्रावलेच होते. साधं, शर्टाला लावतो तसलं! इतकी वर्षं मशीनवर बसते, हजारो बटणं लावली असतील, पण माणसाच्या नखावर बटण म्हणजे भल्लंच झालं. मग डॉक्टरांनी समजावलं: टेंडनच्या टोकात धागा गुंफायचा, तो हाडाच्या आरपार काढायचा आणि नखावर बटणावर गाठ मारायची, म्हणजे टेंडन हाडाला चिकटेपर्यंत ओढ बटणावर राहते. साधारण सहा आठवड्यांनी बटण काढतात. तुझंही काढलं, आणि तेव्हापासून तू "बरं झालं, बरं झालं" सुरू केलंस.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. जुनं लुगडं शिवायला येतं तेव्हा धागा कितीही पक्का घे, शिवण उसवते ती धागा तुटून नाही, धाग्याशेजारचं कापड विरून. टेंडनचं तसंच आहे. शिवल्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत त्याची टोकं उलट मऊ पडतात आणि सगळा भार धाग्यावर असतो. मग हळूहळू जीव धरतात. हाडाला घट्ट बसून ओढ सोसायला बारा आठवडे तरी लागतात. तुझा आता आठवा सुरू आहे. दुखणं मात्र केव्हाचं थांबलं आहे. कातडी भरली, सूज गेली, दुखायला उरलं काय? म्हणून दुखत नाही या गोष्टीला मी अजिबात धरत नाही.

तू म्हणशील, मग मॅडम मला रोज बोट हलवायला काहून लावतात? खरी गोम इथंच आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, ज्या तुझ्याकडून व्यायाम करून घेतात त्या मॅडमना मी हेच विचारलं होतं, तू बाहेर औषधाच्या रांगेत होतीस. त्या म्हणाल्या, पूर्वी असा हात कितीतरी दिवस गच्च बांधून ठेवत, टेंडन जुळायचं पण आजूबाजूला असं चिकटायचं की बोट सरकायचंच नाही. म्हणून आता सुरुवातीपासून हलवतात, पण हलवणं वेगळं आणि जोर लावणं वेगळं. पहिल्या दिवसांत आठवतं? मनगट वाकलेलं, मागून स्प्लिंट म्हणजे हाताला आधाराची ती कडक पट्टी, डाव्या हातानं बोट मिटवायचं आणि स्प्लिंटला टेकेपर्यंतच उघडायचं. टेंडन सरकत होतं, पण ओढत काहीच नव्हतं. मग स्वतःहून मिटवणं. मग आकड्यासारखी मूठ, सपाट मूठ, पूर्ण मूठ, मधलं पेर धरून टोकाचं वाकवणं. यातल्या एकाही व्यायामात हातात वजन नाही. जोराचं काम आत्ता कुठं सुरू होतंय, तेही मऊ पुटी, म्हणजे तो कणकेसारखा गोळा, दाबण्यापासून.

सुरुवातीला मला ओटी म्हणजे मालिशच वाटायची. घडी करायची, चिमटीत मणी उचलायचे, हा काय इलाज! पण भारतात या विद्येची पहिली शाळा मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली निघाली. काढली कमला निंबकरांनी, जन्मानं अमेरिकन आणि लग्न करून इथल्या झालेल्या बाईनं. नागपूरच्या मेडिकलमध्ये तर याची पदवीच मिळते. तुझा भाऊ हे ऐकून उगीच नाही प्रश्न विचारत बसला. बारावीचा अभ्यास सोडून बाकी सगळ्यात त्याचं लक्ष असतं म्हणा.

आता तुझी "नुसती चढाई". चढाईला गेलेलीला मागून कुणी धरलं की ती काय करते, हे मी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलेलं आहे. पालथी पडते, हात लांब टाकते आणि मधली रेषा गाठायला बोटं मातीत रोवते. त्या वेळी कोणतं बोट वाचवायचं हे कुणाला सुचत नाही, तुलाही नाही सुचणार, आणि न सुचणं हीच तर तुझी चांगली गोष्ट आहे खेळात. म्हणून पकड नाही, चढाई नाही, काहीच नाही. मैदानावर परतायला बहुतेकांना तीन-चार महिने लागतात आणि तेव्हाही अनामिका मधल्या बोटाला टेप करूनच खेळवतात.

मैदानाइतकीच मला होस्टेलची भीती आहे. भरलेली बादली उजव्या हातानं उचलू नको. जीन्स पिळू नको. पलंगावरून उठताना त्या पंजावर भार देऊ नको. आणि एसटीत उभी असशील तर वरचा दांडा डाव्या हातानं धर. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळं अंग त्या चार बोटांवर लटकतं. जेवणं, लिहिणं, वेणी घालणं, मोबाईल, हे सगळं खुशाल कर. मॅडमनीच सांगितलंय की हलक्या कामाला हात लावलाच पाहिजे, नाहीतर बोट बाजूला काढून ठेवायची सवय लागते. टाक्याच्या वळावर खोबरेल तेलानं दाबून चोळणं चालू ठेव. थंडी आहे, सकाळी बोट आखडलेलं असतं, तेव्हा आधी कोमट पाण्यात हात बुडव आणि मग व्यायाम कर. मॅडम हो म्हणाल्या की तांदळाच्या डब्यात हात घालून मूठ उघडमिट करायची आहे, त्यासाठी पाच किलोचा डबा मी भरून ठेवला आहे. कणीक मळायची घाई मात्र नाही. हे वाचून तुला आनंद होईल, माहीत आहे.

आणि तुटलंच पुन्हा तर? हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. दुसऱ्यांदा सरळ शिवणं बहुतेक वेळा जमत नाही. मग आधी आत सिलिकॉनची नळी घालून वाट तयार करायची, काही महिने थांबायचं आणि नंतर मनगटाचं दुसरं टेंडन काढून तिथं बसवायचं. म्हणजे दोन ऑपरेशनं आणि स्प्लिंटपासून पुन्हा सगळं. नाहीतर टोकाचं पेर कायमचं पक्कं करून टाकायचं. तसं करूनही लोक नीट जगतात, कामं करतात, पण कोपरा सांभाळणाऱ्या पोरीची पकड त्यात ढिली पडते.

आत्याचा फोन आला होता. बोट जरा वाकडं राहिलं तर पुढं पाहुणे काय म्हणतील, असं विचारत होती. मी म्हटलं, पाहुण्यांना कबड्डी खेळायची आहे काय? टोक दहा-पंधरा अंश कमी सरळ होईल, असं मॅडमनी आधीच सांगितलं आहे. रात्रीचा स्प्लिंट त्यासाठीच आहे, तो चुकवू नको, पण त्या वाकडेपणाची लाज धरू नको.

तुझ्या कोचसरांशी मी बोलेन. त्यांना तू हवी आहेस, यात वाईट काय? त्यांना मॅडमची चिठ्ठी दाखव. तोवर धाव, बैठका मार, दोरी राहू दे कारण तिची मूठ धरावी लागते, आणि चाचणीच्या दिवशी रेषेबाहेर बसून तुझ्या जागेवर येणारी पोरगी पाय कुठं ठेवते ते पाहा. ती निवडली गेली तर जाऊ दे. तू एकोणीस वर्षांची आहेस, पुढचा हंगाम आहे.

पुढच्या तपासणीला कोनमापक लावून टोकाचं पेर किती अंश वाकतं ते मोजतील. तो आकडा मला लगेच कळवजो. मुठीची ताकद मोजायचं यंत्र दिसलं तरी दाबून पाहू नको, बारा आठवड्यांआधी त्यावर पूर्ण जोर लावू देत नाहीत. यायच्या वेळी मैत्रिणीच्या ब्लाउजचं माप घेऊन ये, ती कधीची मागे लागली आहे.

तुझी,
आई

ता. क. स्प्लिंट गरम पाण्यानं धुऊ नको. तो गरम पाण्यात मऊ करूनच तुझ्या हातावर बसवला आहे, पुन्हा तापला की आकार सोडेल. थंड पाणी आणि साबण पुरे. आतल्या सुती बाह्या बाबांच्या नव्या बनियनमधून आणखी दोन कापून पाठवते आहे, त्यांना सांगू नको.