झोपायच्या आधी एकदा

देवरूख,
सोमवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "आई, आता पुरे" म्हणालीस आणि मी गप्प बसले. तुझा राग नाही आला. दिवसभर तान्ह्याला घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळी कुणी प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलं तर ती वैतागणारच. फोनवर मी सुरू झाले की मला थांबता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पाजताना एका हाताने वाचता येईल, आणि नकोसं झालं तर घडी करून ठेवून दे.

बाळ रात्री साडेनऊला झोपतो आणि एकदम पहाटे पाचला उठतो, हे अप्पांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. अडीच महिन्यांच्या पोराने सलग साडेसात तास झोपायचं म्हणजे नशीबच. त्याला उठवू नकोस. हे पहिल्यांदा लिहिते, कारण मी त्याला रात्री दोनला उठवून पाजायला सांगते आहे असा काल तुझा समज झाला. जन्मला तेव्हा २ किलो ८०० होता, दहाव्या आठवड्याच्या लशीला ४ किलो ६०० भरला. या वयात दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वजन वाढावं, तसं त्याचं वाढतंय. असं पोर रात्री झोपलं तर झोपू द्यावं.

मला काळजी तुझी आहे. सुरुवातीला रात्री छाती दगड व्हायची, गाऊन भिजायचा, तुला जाग यायची. आता छाती मऊच असते, म्हणजे दूध आटलं, असं तू म्हणालीस. आणि मोठ्या जाऊबाईंनी पावडरचा डबा आणून ठेवलाय. अगं, दोन-अडीच महिन्यांनी बहुतेक बायकांची छाती मऊ पडते. आधी शरीर अंदाजाने भरमसाट दूध करतं, मग बाळाच्या भुकेचा हिशोब बसतो आणि ते ताठरणं थांबतं. मऊ छातीतही दूध असतं.

आरोग्य उपकेंद्रात नर्स असताना वरच्या वाडीवरून एक बाळंतीण अशीच रडत आली होती. छाती मऊ लागते म्हणून सासूने बोंडल्याने म्हशीचं दूध सुरू केलेलं, आणि पोराला हगवण. मी पोराला तिच्या अंगावर लावलं आणि म्हटलं, त्याच्या गळ्याकडे बघ. घोट उतरताना दिसत होते, ऐकूही येत होते. मग तिने दिवसरात्र त्याला पदराखाली घेतलं आणि वरचं दूध हळूहळू सुटलं. तो पोरगा आता एसटीत कंडक्टर आहे. मला बघितलं की पुढची सीट रिकामी करून देतो.

तेव्हा मऊ छातीचं भय सोड. रात्रीच्या लांब खंडाचं मात्र मला वाटतं, आणि कितीही ठरवलं तरी मी तिथेच येते. विहीर उपसली तरच झरा वाहता राहतो, हे मी वाडीवाडीवर सांगत फिरले. भरलेली छाती तासन् तास तशीच राहिली की त्या दुधातूनच शरीराला निरोप जातो, आता कमी कर. शिवाय दूध करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीच्या पाजण्याचा उपयोग मोठा. काही बायकांच्या छातीत जास्त दूध साठतं, त्यांची सात-आठ तासांची रात्र गेली तरी काही बिघडत नाही. काहींच्यात कमी साठतं. त्यांचं दूध हळूहळू उतरत जातं आणि लक्षात येतं तेव्हा बाळाचं वजन अडलेलं असतं. तू यातली कुठली हे बाहेरून बघून कुणाला सांगता येणार नाही. छातीच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नाही.

माझ्या वेळचं तुला पुरतं ठाऊक नाही. तेव्हा आम्हाला रजा नव्वद दिवसांची. तू तीन महिन्यांची झालीस आणि मी लसीकरणाच्या पेट्या घेऊन फिरायला लागले. दुपारी माई तुला उन्हातून छत्रीखाली घेऊन उपकेंद्रात यायची, बाकी वेळ वाटी-चमचा. दिवसा तू जेमतेम घ्यायचीस आणि रात्र माझ्या अंगावर काढायचीस. दर दोन तासांनी उठायचीस. माई म्हणायची, या पोरीने आईला खाल्लं. पण त्या रात्रींमुळेच माझं दूध टिकलं, तू चालायला लागलीस तरी टिकलं. म्हणून तुझा मुलगा रात्रभर झोपतो ऐकलं की मला आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. माझ्याकडे ज्या रात्री होत्या त्या तुझ्याकडे नाहीत.

आता नीट सांगते. तू झोपतेस अकराच्या सुमाराला. त्याआधी एकदा त्याला हळूच उचल, दिवा लावू नकोस, बोलू नकोस, झोपेतच अंगावर लाव. ओठाला लागलं की बाळं झोपेतही ओढतात. झालं की पाठीवर निजव. मग पाचपर्यंत खंड उरतो सहा तासांचा, आणि तुलाही सलग झोप मिळते. नाहीच ओढलं तर हाताने काढ: अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून एक-दीड इंच मागे, आधी बरगड्यांकडे दाब मग एकत्र दाब, सोड, पुन्हा. कातडीवरून घासत पुढे ओढायचं नाही. मध्यरात्री छाती जड होऊन तुझी तुलाच जाग आली तर थोडं काढून मोकळी हो, तसंच सोसत पडू नकोस. गाठ धरते. लाल होऊन ठणका लागला, ताप आला, तर त्या बाजूने पाजणं चालूच ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पहाटे दूध भरपूर असतं. एका बाजूवर त्याचं पोट भरलं तर दुसऱ्या बाजूचं काढून उकळलेल्या डब्यात घाल आणि फ्रीजमध्ये आत ठेव, दारात नको. चार दिवस राहतं. दिवसा त्याच्या रडण्याची वाट बघू नकोस, चोवीस तासांत आठदा तरी अंगावर जायला हवा. संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाने मागतो म्हणून जाऊबाई म्हणतात पोट भरत नाही. ते रात्रीची बेगमी करणं असतं, त्या वेळी सोड त्याला हवं तितकं. आणि डायपरमुळे अंदाज येत नसेल तर एक दिवस लंगोट बांधून मोज. सहा भरले, वजन वाढतंय, की माझं सगळं बोलणं विसर.

हे वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल ते दिसतंय मला. सिस्टर पुन्हा सुरू झाल्या. खरंच गं, माफ कर. तुला दूध काढणं शिकवायला मी आता नर्स नाही, आणि तू काही वाडीवरची घाबरलेली पोर नाहीस. सुईला भिऊन शाळेच्या लशीच्या दिवशी माळ्यावर लपणारी तू, बाळंतपणात रात्रभर कळा दिल्यास आणि आवाज केला नाहीस. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. इतक्या बायकांची बाळंतपणं केली, पण त्या रात्री माझे हात थरथरत होते.

पण तो पावडरचा डबा. (ठरवलं होतं लिहायचं नाही.) एक बाटली पावडरची दिली की तेवढा वेळ तो अंगावर ओढत नाही, तेवढं दूध कमी बनतं, मग दुसरी बाटली लागते. आईचं दूधच सर्वांत चांगलं हे १९९२च्या कायद्याने त्या डब्यावरच छापावं लागतं, जाऊबाईंना दाखव. मात्र उद्या वजन खरंच अडलं आणि डॉक्टरांनी दे म्हटलं, तर दे. रडत बसू नकोस त्यासाठी. तू आई कमी ठरत नाहीस.

बाळ ओढत नसतानाही दूध टिकवता येतं, हे आम्हाला प्रशिक्षणात सायनच्या हॉस्पिटलचं उदाहरण देऊन सांगायचे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली तिथे आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांची पोरं काचेत असतात, चोखायची ताकद नसते, आणि त्यांच्या आया दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने काढून दूध वाहतं ठेवतात. तुला तर रात्री एकदाच काढायचं आहे.

अळिवाचे लाडू पाठवले आहेत, शतावरीही आहे. खा, अंगाला चांगले आहेत. लाडवांनी दूध वाढतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तू जेवणं टाळतेस ते मला माहीत आहे.

ऑफिसचं आत्तापासून डोक्यात घेऊ नकोस. २०१७च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे रजा झाली, तेवढी पुरी घे. नंतरही मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायची सुट्टी कायद्याने आहे, नेहमीच्या सुट्टीखेरीज. मागून घे, संकोच करू नकोस. आम्हाला मागायचं धाडस नव्हतं.

चौदाव्या आठवड्याच्या लशीला वजन किती भरलं ते कळव. माझ्याशी बोलायचा कंटाळा आला असेल तर जावईबापूंना नुसता आकडा पाठवायला सांग. अप्पांना सांगितलंय, तोवर मी फोन करणार नाही. बघू.

तुझी,
आई

ता. क. हे मुद्दाम शेवटी ठेवलं. अंगावर पाजतंय तोवर दिवस राहत नाहीत यावर बायका विसंबतात. ते खरं कधी, तर पाळी आलेली नसेल, मूल सहा महिन्यांच्या आतलं आणि फक्त अंगावरच्या दुधावर असेल, आणि दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडत नसेल तर. तुझी रात्र साडेसात तासांची झाली आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नकोस, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. तांबीचं किंवा दुसऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, आणि जाताना जावईबापूंना घेऊन जा.