गुन्हा हायकोर्टाने रद्द केला, पोलीस ठाण्याला कुणी कळवायचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वकिलाच्या मदतीने गुन्ह्याची नोंद पुसून घ्या, असा सल्ला देणारा लेख आपण परवाच्या अंकात छापला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो. लेखक वकीलसाहेबांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. त्यांनी दिलेली कलमंही बरोबर आहेत. पण योग्य कलमाखाली अर्ज केला की माणसाची पाटी कोरी होते, असं त्यांनी छातीठोक लिहिलंय, ते वाचून माझा संताप झाला. आमच्या घराने हे भोगलंय. पाटी कोर्टात कोरी होते, ठाण्यात होत नाही. आणि नोकरी देणारा माणूस कोर्टाला विचारत नाही, ठाण्याला विचारतो.

माझ्या पुतण्याचं सांगतो. बांधावरून भावकीत भांडण झालं. काठ्या निघाल्या, समोरच्या एकाच्या डोक्याला टाके पडले. झालं ते वाईटच झालं. पण फिर्याद देताना आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं घातली गेली. पुतण्या त्या दिवशी साताऱ्याला कॉलेजात होता, तरी त्याचंही नाव. खेड्यात राहणाऱ्याला हे नवीन नाही. भरतीच्या वयाचा पोरगा घरात असला की त्याचं नाव आधी लिहून देतात, कारण घाव कुठे बसतो ते दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं. जुन्या दंडसंहितेची कलमं लागली ३२४ (हत्याराने दुखापत), १४३, १४७, १४९, ५०४, ५०६.

पुढे मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, तंटामुक्ती समितीपुढे दोन्ही घरं बसली आणि विषय मिटला. आज एकमेकांच्या लग्नकार्यात आमच्या पंगती असतात. माणसांनी मिटवलं, कायद्याने मिटेना. ३२४ कलम पूर्वी कोर्टाच्या परवानगीने आपसात मिटवता यायचं, ते २००९ च्या अखेरीस त्या यादीतून निघालं. त्यात १४७ चं दंग्याचं कलम. तालुक्याच्या कोर्टात तडजोडीचा कागद देऊन भागणार नव्हतं. आमच्या वकिलांनी सरळ सांगितलं, हायकोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली जायचं. (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचं ५२८ झालंय.) आपसात मिटलेला असा गुन्हा हायकोर्ट रद्द करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने ग्यान सिंग खटल्यात २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, आमच्या वेळी ते नव्हतं, त्यामुळे मुंबई गाठावी लागली. फिर्यादी स्वतः आमच्याबरोबर आला, त्याने प्रतिज्ञापत्र दिलं, आणि हायकोर्टाने गुन्हा आणि त्यावरचा खटला, दोन्ही रद्द केलं. वकिलांनी काम चोख केलं. त्यांच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही.

खरी गोष्ट इथून सुरू होते. आपला लेख नेमका इथेच संपतो.

पुतण्या भरतीत उतरला, यादीत नाव लागलं, आणि साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याची सही करून द्यायचा फॉर्म, भरायची वेळ आली. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, असा प्रश्न त्यात असतो. गावातल्या चारचौघांनी सल्ला दिला, रद्दच झालाय, ‘नाही’ लिही. त्याने ‘होय’ लिहिलं, गुन्ह्याचा नंबर दिला, हायकोर्टाच्या आदेशाची प्रत जोडली. कायद्याने तेच बरोबर होतं. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की उमेदवाराने द्यायची माहिती खरी हवी, आणि खरी माहिती दिली तरी पूर्वेतिहास तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. म्हणजे लपवलं तर लपवल्याचा ठपका, सांगितलं तर साहेबाची मर्जी. तरी पोरगा खरं बोलला. आणि ठाण्यातून अहवाल काय गेला? ‘गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’

मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस होता. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. गुन्ह्याचा नंबर, कलमं, आरोपींच्या यादीत पोराचं नाव, वय, वडिलांचं नाव, सगळं बिनचूक. शेवटच्या रकान्यात ‘न्यायप्रविष्ट’. मी आदेशाची प्रत पुढे केली. तो म्हणाला, “काका, कागद खरा आहे, मला दिसतंय. पण कोर्टाकडून आमच्याकडे काही आलेलं नाही. तुम्ही आणलेल्या कागदावर मी रकाना बदलला तर उद्या मला जाब विचारतील.” सहीशिक्क्याची नक्कल आणा म्हणाला. ती दिली. मग वरच्या कार्यालयाकडे अर्ज करा म्हणाला. तोही केला. पोचपावतीवर शिक्का आहे, रकाना आहे तसाच आहे. आता वकील म्हणतात, नोंद दुरुस्त करण्यासाठी वेगळी रिट याचिका टाकावी लागेल. म्हणजे हायकोर्टाचा एक आदेश पाळला जावा म्हणून त्याच हायकोर्टात दुसऱ्यांदा फी भरायची. ज्याच्या घरी दोन एकर जिरायत आहे त्याने ती कुठून आणायची, हे लेखात असायला हवं होतं.

पोलिसांचं संगणकीकरण, ते सीसीटीएनएस, २००९ साली मंजूर झालं. त्याच्या पुढची पायरी म्हणून पोलीस, कोर्ट, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील यांना जोडणारी आयसीजेएस नावाची यंत्रणाही आहे. गुन्हा नोंदवला की तो देशभर दिसतो. मग गुन्हा रद्द झाल्याचा आदेश एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर का जात नाही? तो माझ्या पुतण्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठाण्यात का न्यायचा? गुन्हा नोंदवताना सरकार आमच्या दारात आलं होतं. तो उतरवतानाही आलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

आपल्या कायद्याला नोंदी पुसणं माहीत नाही, असंही नाही. अल्पवयीन मुलांच्या २०१५ च्या कायद्यात कलम २४ आहे. त्यात काही गंभीर अपवाद सोडले तर दोष सिद्ध झालेल्या मुलाचीही नोंद ठराविक काळाने नष्ट करायची तरतूद आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ सांगतं की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे अपात्रता चिकटत नाही. २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्याने बोटांचे ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं ठेवायला मुभा दिली, पण ज्याला आधी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर कोर्टाने कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तेव्हा ती मापं नष्ट करा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. हे सगळं चांगलंच आहे. पण ठाण्यातल्या रकान्याचं काय? गुन्हा रद्द झालेल्या सज्ञान माणसाचं नाव अमुक दिवसांत काढा किंवा तिथे निकाल लिहा, आणि ते अमुक अधिकाऱ्याने करायचं, असं बांधून टाकणारं सरळ कलम मला कुणी दाखवू शकलेलं नाही. आपल्या वकीलसाहेबांना ते ठाऊक असेल तर त्यांनी जरूर छापावं, मी ते कापून खिशात ठेवीन.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नोंद पुसण्याचा किंवा मोहोरबंद करण्याचा स्वतंत्र कायदा आहे. लेखात तिथलं आणि इथलं एकत्र कालवलंय. त्याने वाचणाऱ्या गरीब माणसाला खोटी आशा लागते, आणि तो व्याजाने पैसे काढून वकिलाकडे धावतो. वकिलाने आदेश मिळवून दिल्यावर पुढे काय करायचं ते सांगा ना. सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला जास्तीच्या काढा. आदेशातच ‘पोलीस ठाण्याने नोंद अद्ययावत करावी’ असं वाक्य मिळतं का, हे सुनावणीच्या वेळीच वकिलाला विचारून घ्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. गुन्हा रद्द झाला यातच सगळं आलं, असं आमच्या वकिलांनाही वाटलं होतं.

आता थोडं आपल्याच दैनिकाबद्दल लिहितो, राग मानू नये. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर बातमी होती. त्यात सगळ्या संशयितांची नावं, गावासकट, आणि पुतण्याचं नाव तिसरं. गुन्हा रद्द झाल्यावर मी आदेशाची झेरॉक्स जोडून आपल्या कार्यालयात पत्र दिलं होतं. एक ओळही आली नाही. ती जुनी बातमी आजही आपल्या संकेतस्थळावर आहे. पुतण्याचं नाव आणि गावाचं नाव टाकलं की पहिल्यांदा तीच येते. त्याच्यासाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलीच्या मामाने मोबाइलवर तीच बातमी काढून आमच्यापुढे धरली. पोरगा मान खाली घालून बसला होता. हायकोर्टाचा आदेश त्याच्या फाइलीत होता, पण तो कुणी मागितला नाही.

खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये मान्य केलंय. निर्दोष सुटलेल्याचं नाव इंटरनेटवरून काढावं की नाही, यावर दिल्ली आणि मद्रासच्या हायकोर्टांत खल झालाय, आणि मद्रासचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये थांबवलाय. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आपल्याला मात्र कुठल्या कोर्टाची वाट बघायची गरज नाही. बातमी काढू नका हवी तर. तिच्याखाली ‘हा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला आहे’ एवढं लिहा, आणि जिल्हा पानावर तेवढ्याच जागेत ते छापा. आदेशाची प्रत या पत्राला पुन्हा जोडली आहे.

माझं नाव कृपया छापू नये. गाव लहान आहे, नावावरून पोरगा ओळखू येईल आणि त्याची पडताळणी अजून अडकलेली आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(पूर्ण नाव व पत्ता संपादकांकडे)
ता. कोरेगाव, जि. सातारा