एका रुपयात डॉलर कोणी घेतला होता?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला रुपयाचा रंगीत आलेख पाहिला. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर, आणि तिथून आजपर्यंत सरळ खाली उतरणारी लाल रेघ. चित्र सुरेख आहे. हाच मजकूर दर पंधरा ऑगस्टला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो आणि फुकट येतो. तोच छापील अंकात वाचायचा तर आम्ही वर्गणी कशाची भरतो?

१९४७ साली रुपया पौंडाला बांधलेला होता. १९२७ पासून दर ठरलेला : एका रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै (आजच्या हिशेबात सुमारे १३.३३ रुपये). पौंड तेव्हा चार डॉलर तीन सेंटचा. भागाकार करून पाहा, डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास पडतो. एका रुपयात डॉलर मिळत असता तर पौंड चार रुपयांना मिळायला हवा होता, आणि तसा तो मिळाल्याचे आमच्या आजोबांनीही कधी ऐकले नव्हते. 'तेव्हा देशावर कर्ज नव्हते म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा' हे आपल्या लेखातले कारण तर फारच गमतीचे. उलट युद्धखर्चापोटी इंग्लंडच आपले शंभर कोटी पौंडांहून जास्त देणे लागत होते. तरी डॉलर तीन रुपयांच्या खाली आला नाही.

आता ती रेघ. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, म्हणजे सरकारनेच त्याची ठरलेली किंमत उतरवली, त्यापाठोपाठ रुपयाचेही झाले आणि डॉलर ४.७६ वर गेला. त्यानंतर जून १९६६ पर्यंत, जवळजवळ सतरा वर्षे, दर जागचा हलला नाही. आलेख काढायचाच होता तर जिन्यासारखा काढायचा. पुढची पायरी एका रात्रीत आली, आणि तिचा भुर्दंड आमच्या घराने भरला आहे, म्हणून एवढ्या तावातावाने लिहितो.

माझ्या थोरल्या भावाला अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. पहिल्या सत्राचा सहाशे डॉलरचा ड्राफ्ट काढायचा होता. रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय तेव्हा एक डॉलर हाती लागत नसे. ती मंजुरी एप्रिलात आली. वडील शाळामास्तर, पगार दोनशेच्या घरात. तरी पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी २,८५६ रुपये उभे केले. गावातल्या एका बँकेत कागद दिले (नाव घेत नाही, शाखा अजून तिथेच आहे). कारकुनाने ते परत केले, कारण आमच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त होते. प्रतिज्ञापत्र आणा. आणले. मग मॅनेजर लग्नसराईत रजेवर. मग स्टॅम्प चालत नाही. सगळा मे महिना असाच गेला. ५ जूनच्या रात्री अर्थमंत्री सचिन चौधरी यांनी अवमूल्यन जाहीर केले आणि सोमवारी, ६ जून १९६६ ला, डॉलर साडेसात रुपये झाला. तोच ड्राफ्ट आता ४,५०० रुपयांना. फरक १,६४४ रुपये, म्हणजे वडिलांचा आठ महिन्यांचा पगार. मंगळवारी त्या कारकुनाचा निरोप आला : कागद व्यवस्थित आहेत, येऊन जा.

या सगळ्याला आपल्या लेखात अर्धी ओळ मिळाली आहे, '३६.५ टक्के अवमूल्यन'. आकडा बरोबर आहे. रुपयाची डॉलरमधली किंमत तेवढीच उतरली. पण ज्याला डॉलर विकत घ्यायचा होता त्याला ५७.५ टक्के जास्त मोजावे लागले. तेव्हाही छोटाच आकडा जिकडेतिकडे. वडील पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर लाल पेन्सिलीने पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होते आणि आईला सांगत होते, "छत्तीस कुठले, दीडपटीच्या वर गेलंय हे!" उरलेले पैसे मामांनी दिले, आणि पुढे दर दिवाळीला फराळाबरोबर ते ऐकवलेही. भाऊ नोकरीला लागल्यावर त्याने पाठवलेले डॉलरसुद्धा साडेसातच्याच भावाने वटले, हे मात्र वडील आणि मामा दोघेही सोयीस्करपणे विसरत.

पुढचेही सांगून टाकतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पुन्हा उतरला, या वेळी आपण त्याच्यामागे गेलो नाही, आणि एकवीस रुपयांचा पौंड अठराला आला. म्हणजे रुपया वधारला! आपल्या रेघेत हे कुठे दिसते? १९८० मध्येही डॉलर आठ रुपयांच्या आतच होता. त्यानंतर तो हळूहळू चढू दिला गेला. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन हप्त्यांत अवमूल्यन होऊन तो एकवीसवरून सव्वीसच्या जवळ गेला, आणि दर बाजारावर सोपवला गेला तो मार्च १९९३ पासून.

लेखासोबत पंतप्रधानांच्या छायाचित्रांखाली डॉलरचे दर देणारे कोष्टक आहे, ते तर कोणी तपासले की नाही? शास्त्रीजींच्या फोटोखाली साडेसात रुपये छापले आहेत. शास्त्रीजी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला वारले. निर्णय जूनचा, इंदिराबाईंच्या सरकारचा. दुष्काळ, पाकिस्तानशी युद्ध, थांबलेली परकीय मदत, जागतिक बँकेचा आग्रह, कारणे बरीच होती, त्यावर खुशाल भांडा. पण गेलेल्या माणसाच्या नावावर तरी मांडू नका.

जाता जाता आणखी एक. आपल्या अर्थविषयक पानावर पूर्वी डॉलर, पौंड, येन, दिरहमच्या दरांची छोटी चौकट असे. ती गेली, आणि तिच्या जागी आता राशीनुसार गुंतवणुकीचा शुभ रंग येतो. माझी रास वृश्चिक. काल मला मरून सांगितला आहे. चौकट परत सुरू करावी ही विनंती. आणि खुलासा छापणार असाल तर कृपया शब्दकोड्याच्या मागच्या बाजूला नको, ते पान आमच्याकडे सकाळीच कापले जाते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली