पोराक परत हाडूचा सामान

आबा,

साष्टांग नमस्कार.

पांडवपंचमीच्या सकाळी नऊच्या सुमारास पुण्याचा एक माणूस बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मालवणच्या बाजारात तुमच्या दुकानाच्या पायरीशी आला होता आणि मासे धरायच्या गळाला लावायला पाव किलो शिसं मागत होता. तो मी. तुमच्याकडे दिवसाला अशी पन्नास माणसं येत असतील, त्यामुळे मी लक्षात असेन असं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी कर्ली खाडीच्या काठावर काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तेव्हा फळ्या लावलेल्या होत्या, आणि दुपारी आमची परतीची गाडी होती. तुमचा फोन बटणांचा, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. शेजारपाजारचं कोणीतरी वाचून दाखवेल. सुट्टीत रॉड खांद्याला लावून कोकणात उतरणाऱ्या माझ्यासारख्या इतर आईबापांनीही हे वाचावं.

तुम्ही शिसं तोलता तोलता विचारलंत, "खंय चल्लास?" मी म्हटलं, गरवायला, खाडीवर. तुम्ही माझ्या लेकाकडे बघितलंत, काटा खाली ठेवलात आणि म्हणालात, "पिशी हकडे घे. सगळा भायर काढ."

ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर अजून तसंच आहे. तुमच्या ओट्यावर मी एकेक वस्तू मांडत गेलो. सात फुटी रॉड, रील, तीनशे मीटर ब्रेडेड लाइन, दोन डबे भरून लूर म्हणजे नकली आमिषं, गरींची म्हणजे गळांची पाकिटं, बिस्किटं, पाण्याची बाटली. सहा महिने वाचून, व्हिडिओ बघून मी हे जमवलं होतं, जवळजवळ नऊ हजारांचं. तुम्ही त्यातलं काहीही नावं ठेवून बाजूला सारलं नाहीत. सगळं नीट बघितलंत आणि म्हणालात, "ह्या मासो धरूचा सामान झाला. पोराक परत हाडूचा सामान खंय आसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तुम्ही पाऊण तास घालवलात, आबा. दोन गिऱ्हाइकं तुमची वाट बघून निघून गेली, ते मी पाहिलं. आधी तुम्ही बोटांवर हिशोब केलात. पंचमी म्हणजे पाचाची पाऊणपट, पावणेचारला पूर्ण भरती, खाडीत आत थोडी उशिरा. अमावास्येचं उधाण ओसरत आलेलं, त्यामुळे पाणी फार जोराचं नाही. दीडला जाऊन बसा, चढत्या पाण्यात गरवा, पाणी उतरायला लागलं की आवरतं घ्या. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून बघितलं तर वेळ जवळपास जुळली. तिथीची पाऊणपट हे माझ्या आजोबांच्या तोंडी मी ऐकलेलं होतं. माझ्या लेकाने ते पहिल्यांदा ऐकलं, आणि आता तो घरात कालनिर्णय बघून रोज भरती सांगतो.

ब्रेडेड लाइन तुम्ही ठेवलीत, पण तिच्या टोकाला वावभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधून दिलात. चणाक माशाच्या गालाची कड सुरीसारखी असते, बारीक दोरा तिथेच कापला जातो, हे मला माहीत नव्हतं. गाठ ओढायच्या आधी तुम्ही ती जिभेने ओली केलीत. कोरडी गाठ आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथेच कच्चा होतो, असं लेकाला समजावून सांगितलंत आणि मग त्याच्याकडून तीन वेळा बांधून घेतलीत. शिसं गाठीत अडकवू नकोस, मोकळं ओवून ठेव, म्हणजे मासा आमिष ओढेल तेव्हा त्याला वजन लागणार नाही. या एकेका वाक्यासाठी मी किती तास व्हिडिओ बघितले असते कोण जाणे. मोठ्या आकड्याची गरी मोठी अशी माझी समजूत होती. आठ नंबरची गरी चार नंबरपेक्षा लहान असते हे तुम्ही दोन्ही माझ्या तळहातावर ठेवून दाखवलंत.

आमिषाची सुंगटं, म्हणजे कोळंबी, डब्यात वर्तमानपत्रावर ठेवून तो डबा बर्फावर ठेवायला सांगितलात, कारण वितळलेल्या पाण्यात भिजली की ती मऊ पडतात आणि पहिल्या फेकीलाच गरीवरून सुटतात. लूरचा एक डबा परत पिशवीत गेला, दुसरा घरी ठेवायला लावलात.

आणि मग परत आणायचं सामान. लेकासाठी घेतलेल्या प्रत्येक गरीचा टोकाजवळचा उलटा काटा तुम्ही पक्कडीने दाबून सपाट केलात. मासा थोडा निसटेल, पण बोटात घुसली तर सरळ बाहेर येईल. ती पक्कड मला विकलीत. आमच्या पायातल्या चपला बघून मान हलवलीत. कातळावर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले, असतात, त्यांची धार तळव्याला लागली की जखम लवकर भरत नाही, आणि चपला चिखलात रुतून बसतात. नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला म्हणालात. कपाळाला बांधायची बत्ती घ्या, मोबाइलच्या उजेडावर राहू नका. एक जाडं फडकं. शिंप्याची टेप, कारण लहान तांबोशी, लहान चणाक घरी न्यायचे नाहीत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तुमची टेप मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानात असावी, इतके तिचे आकडे पुसट झाले होते.

शेवटी म्हणालात, थर्मास आहे का घरी? मला वाटलं चहासाठी.

"चाय नको. पाणी. कडकडीत. आणि साधा पाणी येगळा."

शिंगाळ्याचं नाव तुम्ही तेव्हाच घेतलं होतंत. पाठीवर एक काटा आणि दोन्ही कल्ल्यांपाशी एकेक, असे तीन. करवतीसारखे दातेरी, मासा घाबरला की ताठ उभे राहणारे, वर विषारी. हाताने धरायचा नाही, फडक्यात धरायचा. आणि लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. मी हो हो म्हटलं. खरं सांगतो आबा, थर्मासचं मी विसरलोच असतो. सासूबाईंना लेकाने सांगितलं, म्हणून तो भरला गेला.

बिल झालं ३१० रुपये.

मी, लेक आणि माझा मेहुणा परुळ्याच्या वाटेने खाडीच्या पलीकडच्या अंगाला गेलो. दुपार फार सुंदर गेली. दोन तांबोश्या मिळाल्या, एक लहान चणाक टेपला लावून परत सोडला. सवाचारच्या सुमारास पाणी थांबलं. आवरतं घ्यायला हवं होतं. लेक म्हणाला, बाबा, अजून एकदा. मी होकार दिला. ही चूक माझी.

त्या शेवटच्या म्हणता म्हणता आणखी चारपाच फेकी झाल्या आणि पाच वाजून गेले. तेव्हा दीड वितीचा शिंगाळा आला. मी फडकं घ्यायला वळलो तेवढ्यात लेकाने आनंदाने मासा हातात घेतला. कल्ल्याजवळचा काटा त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला. रक्त थोडंसंच आलं. पण त्या छिद्राभोवतीची कातडी बघता बघता पांढरी पडली, कड लाल झाली आणि त्याचा चेहरा असा झाला की तो मला कधीच विसरता येणार नाही. कळ मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत चढली. आधी तो ओरडला. नंतर ओरडणंही थांबलं, नुसता थरथरत होता. मेहुणा म्हणाला, हात बांधू या. मला तुमचा आवाज ऐकू आला, कडकडीत.

आमिषाचा डबा रिकामा करून धुतला. थर्मासमधलं पाणी ओतलं, साधं पाणी मिसळलं, आधी माझा हात घालून बघितला. हेही तुम्हीच सांगितलं होतंत, की दुखणाऱ्या हाताला किती गरम ते कळत नाही, आणि पोर भाजून निघेल. मग त्याचा हात बुडवला. पहिली पाच मिनिटं काहीच फरक नाही. मी घड्याळाकडे बघत होतो. दहा मिनिटांनी त्याने खांदे सैल सोडले. पंधराव्या मिनिटाला म्हणाला, "बाबा, कमी होतंय." पाणी निवलं की थर्मासमधून थोडं थोडं घालत गेलो. असं चाळीस मिनिटं चाललं.

तोवर अंधारून आलं. ओहोटीने कालवांचे कातळ उघडे पडले होते. मेहुण्याने रॉड आणि पिशवी घेतली. मी एका हाताने लेकाचा खांदा धरला, दुसऱ्यात त्याचा हात बुडवलेला डबा. उजेड कपाळावरच्या बत्तीचा. मोबाइल धरायला हात शिल्लकच नव्हता. लेकाचा बूट दोनदा कालवांवर घसरला. त्याच्या तळव्यावर वण नाही आबा, बुटाच्या रबरावर आहेत, चांगले करंगळीएवढे. ते बूट आम्ही टाकलेले नाहीत.

रात्री डॉक्टरांनी जखम धुतली, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गरम पाण्यात हात धरला हे बरोबर केलंत म्हणाले, आणि कोणी सांगितलं असं विचारलं. मी तुमचं दुकान सांगितलं. ते हसले, त्यांना नवल वाटलं नाही. गरम पाण्याने कळ कमी झाली म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, हे मात्र त्यांनी बजावलं, आणि वाचणाऱ्यांसाठी ते इथे लिहितो. चौथ्या दिवशी सूज उतरली. पुण्याला आल्यावर आठवडाभराने तो त्याच हाताने क्रिकेट खेळत होता.

मला सारखं आठवतं ते हे, की तुम्हाला फक्त पाव किलो शिसं विकायचं होतं. ते देऊन तुम्ही मोकळे झाला असतात तरी कोणी काही म्हटलं नसतं. माझ्याकडे पैसे होते, हौस होती, तुम्ही मला आणखी चार महागाच्या वस्तू सहज विकू शकला असतात. त्याऐवजी तुम्ही माझ्या मुलाकडे बघितलंत. त्याच्या आईने मला विचारलं, तुला हे कसं सुचलं? मी तिला सांगितलं, मला सुचलेलं नाही. मालवणला ओट्यावर एक आबा बसतात, त्यांना सुचलं.

थर्मास आता आमच्या गरवायच्या पिशवीतच असतो, घरात चहाला दुसरा आणला. पिशवी लेक भरतो. जाड फडकं सगळ्यात वर, हात घातला की पहिलं तेच लागावं म्हणून. ही कल्पना त्याची स्वतःची.

मे महिन्यात आम्ही येतो आहोत. या खेपेला पिशवी तुमच्या ओट्यावर तो उलटी करणार आहे, तुम्ही सांगायच्या आधीच. काय राहिलंय ते बघून सांगा. आणि थोडा वेळ काढून ठेवा, त्याला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मारायला शिकायचंय, ते तुम्हालाच विचारायचं असं त्याने ठरवलंय.

तुमचा,
पांडवपंचमीला शिसं घेऊन गेलेला