दोन घरांमधली एक भिंत

संपादक महोदय,

३० सप्टेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांत किल्लारीच्या भूकंपाचं पान निघतं. १९९३, पहाटे ३.५६, ढिगाऱ्यांचे तेच फोटो. मृतांचा आकडा कुठे आठ हजारांच्या आत, कुठे दहा हजार. त्या आकड्यात माझा एक मित्र आहे. चौथीत होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना विचारायला हवं होतं आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

भूकंपानंतर जी ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यांतलं आमचं एक. जुन्या गावात आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच होती, दोन हात जाड, दगड-मातीची. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची, जुनी मात्र कुणी काढायचं नाही. उन्हाळ्यात आत गार वाटायचं ते त्या मातीमुळे, आणि डोक्यावर केवढं ओझं आहे ते कुणाच्या मनातही यायचं नाही.

तिसरीत असताना आम्ही त्या भिंतीतला एक-एक दगड हलवून हलवून काढला. त्यानं त्याच्या बाजूनं, मी माझ्या. आत नुसती भर होती, कपऱ्या आणि माती. ती बोटांनीच निघाली. महिनाभरात मनगट जाईल एवढं आरपार भोक झालं. मग त्यातून चिंचोके, गोट्या, भाजलेले हरभरे. माझी वही मावायची नाही, म्हणून मी गणिताचं पान फाडून सुरळी करून द्यायचो. सकाळी गुरुजींना त्याच्या पाटीवरची गणितं बरोबर दिसायची आणि माझ्या वहीतलं पान गायब. छड्या मला. तो मधल्या सुट्टीत माझे तळहात फुंकायचा आणि हसायचाही. दोन्ही एकदमच.

भोकाचा पत्ता घरी लागला तेव्हा मार बसेल असं वाटलं होतं. पण माझ्या आईनं त्यातून पलीकडे काड्यापेटी दिली आणि विषय संपला.

१९९२ मध्ये धक्के बसायचे, जमिनीतून गुडगुड ऐकू यायची. मोठी माणसं बाहेर झोपायला लागली, पुढे सवय झाली आणि परत आत आली. तो रात्री भोकाला तोंड लावून सांगायचा, "भिऊ नगं रं, भुईला ढेकर आलाय." तसं बोलता यावं म्हणून तो भिंतीला चिकटून झोपायचा.

त्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपले होते. भिंतीचं आमच्याकडचं अंग उभं राहिलं. त्यांच्याकडचं सुटून आत पडलं आणि मागोमाग माळवद. त्याची आई ओसरीत होती म्हणून वाचली. वडील आणि तो आत होते. पुढचं लिहीत नाही, पाऊस होता आणि चितेला घरांचीच लाकडं होती, एवढंच.

ते भोक आम्ही पाडलं म्हणून भिंत पडली, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. कुणाला बोललो नाही. नव्या गावात घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. आमचं आठ एकर, म्हणून ४०० चौरस फूट. त्याच्या आईकडे, म्हणजे मावशींकडे, जमीन नाही, म्हणून २५० चौरस फूट, गावाच्या दुसऱ्या टोकाला. भिंत तर गेलीच, शेजारही गेला. मला ते बरंच वाटलं. त्यांच्या दारावरून जावं लागत नव्हतं.

चार-पाच वर्षांनी आजोळी, उमरग्याकडे, जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचं काम बघितलं. गवंडी भिंतीला आरपार भोक पाडत होता! त्यात आकड्याची सळई घालून काँक्रीट भरत होता. मी विचारलं तर इंजिनियरनं समजावलं. आपल्या भिंतीला दोन अंगं असतात, मध्ये भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब जोडदगड गवंड्यांनी घालायचं सोडलं, म्हणून हादरा बसला की अंगं सुटी होतात आणि वरचं ओझं खाली येतं. भोकानं काही होत नाही, जोड नसल्यानं होतं.

हे कळूनही मावशींकडे जायला मला आणखी पंधराएक वर्षं लागली. भोकाचं बोललो. त्या चहा गाळता गाळता थांबल्या. म्हणाल्या, "इसर्जनाच्या दिशी मी चिखल कालवला हुता, भोक लिपायला. गडबडीत ऱ्हायलं."

मी जोडदगडाचं सांगितलं, हातावर हात ठेवून दाखवलं.

"मंजी चिखल लिपला असता तरी पडली असती?"

"पडली असती, मावशी."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी यायचं न्हाई का सांगायला."

मावशी गेल्या. आमच्या भागात माळवदाच्या घरांत अजून माणसं राहतात, त्यांच्या भिंतींच्या आत काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. यंदाच्या ३० सप्टेंबरच्या पानावर ढिगाऱ्याचा एक फोटो कमी करून तिथे भिंतीचा उभा छेद छापाल का? दोन अंगं, मधली भर आणि जोडदगड कुठे बसतो ते. चित्र मोठं असावं, म्हाताऱ्या माणसांनाही दिसेल असं.

आपला,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर
(नाव छापू नये ही विनंती)