आमच्या तलावातली बेशरम

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

होळीनंतर आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर नारळ फोडून तुम्ही म्हणाला होतात, "पावसाआधी एक झुडूप दिसणार नाही." शब्द पाळलात. पावसाआधी खरंच दिसत नव्हतं. आता दिवाळी झाली, या बघायला. निम्म्या तलावावर बेशरमेच्या झुडपांची जांभळी फुलं डोलताहेत. फोटो छान येईल.

मे महिन्यात दीड दिवस जेसीबी आला. बेशरम वरवर छाटली, मुळं चिखलात तशीच, फांद्या काठावर. अहो, हिचं पेर ओल्या मातीला टेकलं की मुळ्या फुटतात, हे चौथीतल्या पोरीलाही माहीत आहे. पहिल्या पुरात त्या फांद्या तरंगत गेल्या, जिथे थांबल्या तिथे रुजल्या. कंत्राटदाराने लागवड केली आणि बिल सफाईचं लावलं.

आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार, तलावाची लीज वेळेवर भरतो. परवा खुंटांत अडकून नवं जाळं उभं फाटलं. सोडवायला उतरलो तर छाटलेलं टोक तळपायात घुसलं, आठ दिवस घरी. पाय बरा होईल. शेळीचं काय? गुरं बेशरमेला तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात चारा आटला आणि तिला या पाल्याची चटक लागली. आधी मान थरथरायची, मग मागचे पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, पाल्यापासून दूर ठेवा. कुठे ठेवू, साहेब?

बारा एकरांपैकी सात एकर बेशरमेखाली आहेत. पावलांनी मोजलंय, थोडं इकडेतिकडे असेल. तुमच्या कागदावर तर शून्य आहे. कोहळी समाजाने बांधलेले असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, पण तक्रार घेऊन जायला त्याचा वाडा तरी ठाऊक होता. आता पाणी म्हटलं की चार खाती मालक, झुडूप म्हटलं की एकही नाही.

झाड दक्षिण अमेरिकेतलं, नाव आमचं. कापा, तुडवा, पुन्हा हसत उभं राहतं म्हणून ठेवलं. मतं मागायला येणारं आणखी कुणी आठवलं तर दोष आमचा नाही.

वैशाखात पाणी उतरलं की माणसं लावून मुळासकट उपटा, पाळीपलीकडे कडक वाळवा. मजुरी आम्हालाच द्या. मोकळ्या जागी पाणवनस्पती लावू, मरळ मासा परत येईल.

नारळ मात्र आणू नका. मागचा फोडलात ती जागाच आता सापडत नाही, बेशरमेत गेली.

आपला,
मत्स्य संस्थेचा एक सभासद